हात मोकळे असताना

धाकटी दुकानात शिरली तेव्हा तिच्या खुर्चीवर एक परकी बाई बसली होती. नुसती बसली नव्हती. पाय पॅडलवर ठेवून मशीन कसं पळतं ते बघत होती.

कपडे दुरुस्तीचं ते दुकान एका जिन्याखाली कसंबसं बसवलेलं होतं. पुढे काउंटर, मागे दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि एक आरसा. आरशात गिऱ्हाईक घोट्यापासून गळ्यापर्यंतच दिसायचं. मास्तर म्हणायचे, आपला धंदा तेवढ्याशीच आहे, तोंड ज्याचं त्यानं घरी जाऊन बघावं. या मास्तरांनी आज धाकटीला पाहिलं आणि घडी घातलेली विजार उलगडून पुन्हा घडी घालायला घेतली.

"अरे, टाचणीबाई, आलात," ते म्हणाले. रोज ती याच वेळेला यायची.

मग त्यांनी विजारीकडेच बघत सांगितलं ते असं, की या बाई पुढच्या महिन्यापासून तिच्या जागी बसणार, म्हणून आज जागा बघायला आल्या आहेत. धाकटी दुसऱ्या गावी राहायला जाणार असल्याचा तिच्या ताईंचा फोन आला होता. मास्तरांना वाईट वाटलं, पण काय करणार. "तुम्ही स्वतःच हो म्हणालात म्हणे," ते शेवटी म्हणाले.

परकी बाई खुर्चीवरून उठली. स्वभावानं बरी असावी. खुर्ची उबदार करून ठेवली, असं काहीतरी हसून म्हणाली. धाकटी बसली. खुर्ची खरंच उबदार होती.

तिनं काही विचारलं नाही. दुसरं कुणी असतं तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण असल्या वेळी धाकटी आधी स्वतःवरच संशय घ्यायची. हो म्हणाले असेन, तिला वाटलं. म्हणाले असेन आणि सांडून गेलं असेल.

सांडणं हा तिचा शब्द नव्हता, ताईचा होता. त्यामागे बरीच वर्षं होती.

धाकटीला विशीत स्किझोफ्रेनिया झाला. भिंतीपलीकडून कुणीतरी तिच्या प्रत्येक हालचालीवर शेरे मारायचं. ती उठली की 'उठली', पाणी प्यायली की 'प्यायली', आणि वर हसणं. औषधांनी ते आवाज हळूहळू मागे गेले आणि एक दिवस गेलेच. सगळ्यांना वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. पण धाकटी दोन पातेली गॅसवर चढवून तिसरीकडे वळायची आणि पहिलं करपायचं. कुणी एका दमात तीन कामं सांगितली तर तिसरं करून यायची आणि पहिली दोन कुठली ते हवेत शोधत राहायची. खरं म्हणजे ही अडचण आवाजांच्याही आधीपासून होती. आवाजांच्या गलबल्यात ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, इतकंच. औषधं या अडचणीवर चालली नाहीत.

लोक म्हणत, ही विसरभोळी झाली. डॉक्टरीणबाईंनी ते खोडून काढलं. त्यांनी समजावलं की डोक्यात एक ओटा असतो आणि एक कपाट असतं. हातातलं काम आपण ओट्यावर मांडतो, तिथून हवं ते कपाटात जातं. हिचं कपाट ठीक आहे, त्यात गेलेलं बऱ्यापैकी राहतं. अडचण ओट्याची आहे. तो अरुंद आहे. दोन वस्तू मावतात, तिसरी ठेवली की पहिली खाली सांडते. आणि जे ओट्यावरून सांडलं ते कपाटात जाणार कुठून?

आई तेव्हा होती. ती पदरानं डोळे पुसत राहिली. भावोजी घड्याळ बघत होते. पण ताईनं मात्र पुढे सरकून विचारलं, "म्हणजे विसरायलासुद्धा आधी पोचावं लागतं, आणि हिच्यापर्यंत ते पोचतच नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी बरोबर. तुम्हाला कळलं.

ताईनं त्याच आठवड्यात घरात नियम केला. धाकटीला काही सांगायचं तर तिचे हात मोकळे असताना. ती भाजी चिरत असेल, घड्या घालत असेल, तर थांबायचं. हात मोकळे झाले की ते आपल्या हातात घ्यायचे, एकच गोष्ट सांगायची आणि तिनं ती स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवेपर्यंत हलायचं नाही. महत्त्वाचं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. पाहुण्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटायचा. ताई म्हणायची, तुमच्याकडे बूट काढून आत येतात ना, तसं आमच्याकडे हात बघून बोलतात.

आणखी एक गोष्ट ताईला ठाऊक होती. कामात असताना कुणी बोलायला लागलं की धाकटी 'हो हो' म्हणायची. कबूल म्हणून नव्हे. 'हो' म्हटलं की माणूस जातो, आणि हातातलं काम सांडत नाही, म्हणून. ताई त्याला भरल्या हाताचं हो म्हणायची. "हे तुझं भरल्या हाताचं हो चालायचं नाही हं," असं म्हणून हसत थांबायची, आणि मग नीट विचारायची.

दुकानातली युक्ती मात्र धाकटीची स्वतःची. सुरुवातीला मास्तर सांगायचे, कंबर दोन बोटं आत, खाली चार बोटं वर, आणि वरचं बटण बदला. त्यातलं एक व्हायचं. एकदा एका नवऱ्या मुलाचा कोट तिनं बाह्यांऐवजी खालून आखूड केला आणि मास्तरांना तो त्याच्या धाकट्या भावाला बसवून द्यावा लागला. त्यानंतर तिनं रंगीत डोक्याच्या टाचण्या आणल्या. आखूड करायचं तिथं लाल, आवळायचं तिथं निळी, बटणाला पिवळी. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असतानाच टाचण्या लावायच्या. पुढे डोक्यात काही धरायला नको, कापडच सांगतं. एक टाचणी काढायची, ते काम करायचं, मग दुसरी. त्यावरून ती टाचणीबाई झाली. त्या जिन्याखाली तिला कुणी काही पुन्हा सांगत नसे, कारण गरज नसे. घराबाहेरची ती तिची एकमेव जागा होती, आणि आता तिथे दुसरी बाई पॅडल दाबून बघून गेली होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तर म्हणतात ते खरं का, धाकटीनं विचारलं.

ताईनं घडी थांबवली नाही. "अगं, रविवारी नाही का सांगितलं तुला. तू हो म्हणालीस. विचार यांना."

"माझ्यासमोरच," भावोजी फोनमधून डोकं न काढता म्हणाले.

मग ताईनं सगळं सांगितलं. सलग, एका सुरात. भावोजींची बदली झाली होती. तिथलं घर लहान होतं, शिवाय भावोजींची आई येऊन राहणार. धाकटीसाठी एक चांगलं निवासी केंद्र बघितलं होतं. बाग आहे, तिच्या वयाच्या बायका आहेत, औषधं वेळेवर देतात. शनिवारी तिथल्या बाई येऊन धाकटीला भेटणार. त्यांना तिच्या तोंडून होकार हवा असतो, पण तो काय, एकदा दिलेलाच आहे.

सगळं पोचलं नाही. बाग पोचली. लहान घर पोचलं.

"विसरले मी," धाकटी म्हणाली. "चुकलंच माझं."

"जाऊ दे गं. तुझा काय दोष," ताई म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

जेवण झाल्यावर धाकटीनं गोळ्यांची डबी घेतली. सात खणांची डबी, प्रत्येक वाराला एक खण. ती डबी दर रविवारी ती स्वतः भरायची. ओटा अरुंद, म्हणून तिची पद्धत ठरलेली होती: आधी सगळ्या खणांत पांढरी, मग सगळ्या खणांत पिवळी, शेवटी गुलाबी गोळीचे अर्धे तुकडे. तेवढा वेळ घरात रेडिओ बंद असायचा, फोन वाजला तर ताई तो बाल्कनीत नेऊन बोलायची. डबी कधी चुकली नव्हती. ताई हे डॉक्टरीणबाईंना दर खेपेला अभिमानानं सांगायची, जणू लेकीचा पहिला नंबर आलाय.

धाकटीनं गुरुवारचा खण उघडला. आत एक पांढरी, एक पिवळी आणि गुलाबी गोळीचे दोन तुकडे.

तिनं ते तळहातावर घेतले. एक जास्तीचा होता. आधी वाटलं, आज सगळंच चुकतंय माझं. मग तिनं पुढचे खण उघडून बघितले. शुक्रवार बरोबर. शनिवार, रविवार बरोबर. सोमवार ते बुधवार तिनं रोज नीट बघून घेतलेल्या, त्याही बरोबर होत्या. फक्त गुरुवारी, फक्त गुलाबी. म्हणजे पांढऱ्या भरताना सगळं शांत होतं, पिवळ्या भरतानाही. गुलाबी भरताना ती गुरुवारपर्यंत पोचली आणि तिथे काहीतरी झालं. तुकडा टाकला होता की नव्हता ते तिच्या हातातून गेलं, आणि तिनं त्याच खणात आणखी एक टाकला.

कुणीतरी बोललं होतं.

तिनं डोळे मिटले आणि रविवार कपाटातून काढला. तो तिथे होता. टेबलावर गुलाबी गोळीची पूड सांडलेली, अर्धी करताना सांडते तशी. दारात भावोजी उभे, हातात कप. भावोजी रविवारी त्या वेळेला फिरायला गेलेले असतात. ताईचा आवाज, जवळून, मऊ. ताई तिच्या मागे उभी होती, समोर नव्हती. शब्द नव्हते, शब्दांच्या जागी नुसता आवाज होता, पलीकडच्या खोलीतल्या बोलण्यासारखा. शेवटी मात्र तो वर गेला होता, प्रश्नासारखा. आणि मग तिचं स्वतःचं, स्पष्ट: हो हो.

ताई हसली नव्हती. थांबलीही नव्हती. भावोजींनी कप उचलून एक घोट घेतला होता, आणि दोघं गेली होती.

धाकटीनं गुरुवारच्या गोळ्या घेतल्या आणि जास्तीचा तुकडा बाजूला ठेवला. तिला रडू आलं नाही. कपाळामागे थंड काहीतरी उतरत गेलं. भिंत कुठे पोकळ आहे हे जिनं ती लिंपली तिलाच माहीत असतं. परकं कुणी असतं तर त्याला जमलंच नसतं. नेमकं कुठे, कधी आणि कुठल्या बाजूनं बोलायचं हे परक्याला कोण सांगणार? हे फक्त ताईला येत होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

ती बाहेर आली. टेबलाशी बसली, गोळीचा तुकडा मध्ये ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले.

"ताई, हात मोकळे आहेत. आता सांग."

ताईनं तुकड्याकडे बघितलं. ती सकाळी सांगते म्हणाली, दमलीस तू म्हणाली. भावोजी म्हणाले की एकदा सांगून झालंय ना, रोज नव्यानं किती वेळा.

"भावोजी, रविवारी तुम्ही दारात का उभे होतात?" धाकटीनं विचारलं. "त्या वेळी तुम्ही फिरायला जाता."

भावोजींनी बायकोकडे बघितलं. मग फोन घेऊन बाल्कनीत गेले.

ताई उभीच होती. "मी खोटं बोलले नाही तुझ्याशी," ती म्हणाली.

"नाही बोललीस. सगळं खरं सांगितलंस. मी गुलाबी भरत असताना."

ताईनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"मी परत म्हणून दाखवलं का? तू विचारलंस का पुन्हा, सोमवारी?"

ताई खुर्ची ओढून बसली. तिनं ते हात घेतले नाहीत. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. "ते हात हातात घेऊन मला सांगता आलं नसतं गं," ती म्हणाली. "तू माझ्याकडे बघून परत म्हटलं असतंस, आणि मी गेलेच नसते."

"म्हणून मागून सांगितलंस."

"दमले मी." ताईचा आवाज एकदम सपाट झाला. ती म्हणाली की ती आता कुणाशीही बोलताना आधी हात बघते. ऑफिसात बघते, भाजीवालीचे बघते. परवा बसमध्ये एका बाईला उतरायचं आहे का असं विचारताना ती थांबून राहिली, कारण त्या बाईच्या हातात पिशवी होती. लोकांना वाटतं, हिलाच काहीतरी झालंय. "मला एकदा तरी कुणाशी नुसतं बोलायचंय. काहीही करता करता."

धाकटीला ते कळलं. पोचलं, अगदी कपाटापर्यंत पोचलं. आणि तरी आतलं थंड काही हललं नाही. ताई दमली होती हे खरं, आणि ताईनं केसानं गळा कापला होता हेही खरं. दोनच गोष्टी होत्या. दोन तिच्या ओट्यावर मावत होत्या.

"आता सांग," ती म्हणाली. "एकेक."

ताईनं सांगितलं. एक सांगितलं की थांबायची, धाकटी ते परत म्हणायची. बदली झाली. तुमची बदली झाली. घर लहान आहे. तिथे मला जागा नाही. केंद्रात चांगलं असतं. तू मला केंद्रात ठेवणार. ताई म्हणाली, ठेवणार असं नाही गं. धाकटी म्हणाली, माझ्या शब्दांत म्हणायचं असतं ना?

शेवटी ताईनं विचारलं, "जाशील?"

"नाही."

"आणि गॅस? एकटी कशी राहशील तू इथे? पातेलं चढवून निघून जातेस."

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. ते खरंच होतं, तिला माहीत नव्हतं, आणि भीती वाटत होती. "पण तो प्रश्न मला विचारायचा होतास. तू मला न विचारताच विचारलंस."

शुक्रवारी तिनं मास्तरांना सांगितलं की ती जात नाही. मास्तर टेप गळ्यात घालून उभे राहिले. त्यांनी त्या बाईंना शब्द दिला होता. शिवाय, ते चाचरत म्हणाले, त्यांना वाटलं की तिला स्वतःला विचारून काय उपयोग, ती विसरली असेल.

"मास्तर, तुमच्या दुकानात मी कुठला कपडा विसरले?"

मास्तरांनी आठवून बघितलं. "तो नवऱ्या मुलाचा कोट," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच लाज वाटली. "खुर्ची तुमचीच आहे. त्या बाईंच्या शिव्या मी खातो. धंद्यात तेवढं चालतं." त्यांनी एक झगा पुढे सरकवला. त्याला लाल टाचणी होती. तिच्या आधी त्यांनीच लावून ठेवली होती, आणि चुकीच्या ठिकाणी. तिनं ती काढून नीट लावली.

शनिवारी केंद्रातल्या बाई आल्या. हसतमुख होत्या, भरभर बोलत होत्या. बाग, जेवण, भेटीचे दिवस, सगळं एकाच वाक्यात. ताईनं धाकटीच्या हातात चहाचा कप दिला होता. सवयीनं दिला की कशानं, ते धाकटीला ठरवता आलं नाही, आणि आजवर ताईच्या बाबतीत तिला असं काही ठरवावं लागलं नव्हतं. तिनं कप खाली ठेवला. बाईंना म्हणाली, एकेक सांगा. बाई थांबल्या, मग चांगल्या माणसासारख्या एकेक सांगू लागल्या. शेवटी त्यांनी विचारलं, तुमची तयारी आहे का. धाकटीनं नाही म्हणून सांगितलं. बाईंनी ताईकडे बघितलं. ताई चहाचे कप गोळा करत होती.

रविवारी धाकटीनं डबी भरायला घेतली. तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती, पण ती कधी लावलेली नव्हती, गंजून घट्ट बसली होती. धाकटीनं दुकानातून मशीनच्या तेलाची छोटी बाटली आणली होती. तेल सोडून, मागेपुढे करून तिनं कडी सैल केली आणि लावली.

पांढऱ्या झाल्या. पिवळ्या झाल्या. गुलाबी भरत असताना बाहेर पावलं आली, दाराशी थांबली. दार हलकेच ढकललं गेलं आणि कडीवर अडलं. मग ताईचा आवाज, "चहा ठेवू का?"

धाकटी हो म्हणाली नाही. गुरुवारच्या खणात एक तुकडा टाकला, झाकण लावलं, शुक्रवारी एक, शनिवारी एक, रविवारी एक. सगळे खण पुन्हा उघडून बघितले. टेबलावरची पूड पुसली. मग कडी काढली.

ताई अजून दारातच उभी होती. दार उघडताच तिनं आधी धाकटीच्या हातांकडे बघितलं. हात मोकळे होते. ताईनं आपले पुढे केले.

धाकटीनं आपले मागे घेतले.